एकच स्कॅफोल्ड, वेगवेगळी ओआरएम: रेल्सचा कंट्रोलर कुठल्याही मॅपिंग लायब्ररीसाठी जनरेट कसा करायचा

रेल्समध्ये (रूबी भाषेतलं वेब फ्रेमवर्क) स्कॅफोल्डची, म्हणजे ठरावीक साच्याचा कोड काढून देणारी, कमांड मारली की कंट्रोलर, म्हणजे आलेली रिक्वेस्ट हाताळणारा क्लास, आयता मिळतो आणि त्यातला सगळा कोड ॲक्टिव्ह रेकॉर्डच्या, म्हणजे रेल्सच्या स्वतःच्या ओआरएमच्या (ऑब्जेक्ट आणि डेटाबेसमधले रेकॉर्ड जोडणारी मॅपिंग लायब्ररी), पद्धतीचा असतो, त्यामुळे बऱ्याच जणांची समजूत असते की जनरेटर आणि ॲक्टिव्ह रेकॉर्ड ही एकच वस्तू आहे. तसं नाहीये. डिसेंबर 2008 मध्ये मर्ब (रूबीचंच आणखी एक फ्रेमवर्क) आणि रेल्स एकत्र करायचं ठरलं आणि त्यातून 2010 साली रेल्स 3 आलं, तेव्हाच हा सांधा मोकळा केला गेला. म्हणजे तुम्ही सीक्वेल वापरा, मॉंगोइड वापरा, नाहीतर ऑफिसात कुणीतरी घरच्या घरी लिहिलेली लायब्ररी वापरा, जनरेटर तिच्याजोगता कंट्रोलर काढून देऊ शकतो. त्यासाठी एक छोटा क्लास लिहावा लागतो, फार तर पन्नास ओळींचा. पण या पन्नास ओळी नुसती मेथडची नावं बदलून लिहिल्या तर कोड चालल्यासारखा दिसतो आणि नंतर भलत्याच ठिकाणी फुटतो. तेव्हा नावांपेक्षा वागणूक जुळवायची, हेच या सगळ्या लेखात मला पुन्हा पुन्हा सांगायचंय.

(मेथडची नावं खाली उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, शेवटी उद्गारचिन्ह असलेल्या मेथडला आपण बोलताना म्हणतो तसं बँग म्हटलंय.)

आधी आतलं यंत्र बघून घ्या

स्कॅफोल्ड कंट्रोलर जनरेटरचं टेम्प्लेट उघडून बघा, शेवटी टीटी असं एक्स्टेन्शन असलेली फाइल असते. साध्या कंट्रोलरसाठी एक आणि एपीआय कंट्रोलरसाठी दुसरी. त्यात पोस्ट डॉट फाइंड असं थेट कुठेच लिहिलेलं नसतं. तिथे ओआरएम क्लास आणि ओआरएम इन्स्टन्स असे दोन हेल्पर असतात, टेम्प्लेट त्यांना विचारतं की बाबा रेकॉर्ड शोधायचं असेल तर काय लिहू, आणि ते एक स्ट्रिंग परत देतात. ती स्ट्रिंग जशीच्या तशी कंट्रोलरच्या फाइलमध्ये उतरते. बस, एवढंच. हा क्लास डेटाबेसला हात लावत नाही, ॲप चालताना तो लोडसुद्धा होत नाही, त्याचं काम फक्त जनरेट करताना योग्य शब्द पुरवायचं.

या क्लासचं नाव रेल्सने ॲक्टिव्ह मॉडेल ठेवलंय, जनरेटर्स मॉड्यूलच्या आत. आणि व्हॅलिडेशन वगैरे देणारी जी ॲक्टिव्ह मॉडेल लायब्ररी आहे ती पूर्ण वेगळी. सर्च करताना हे दोन्ही एकत्र येतात आणि खूप गोंधळ होतो, म्हणून पुढे मी जनरेटरवाल्याला ॲडॅप्टर म्हणतो.

ॲडॅप्टरला सात मेथड लागतात. क्लासवरच्या तीन: ऑल, फाइंड, बिल्ड. इन्स्टन्सवरच्या चार: सेव्ह, अपडेट, एरर्स, डिस्ट्रॉय. इन्स्टन्स तयार करताना त्याला व्हेरिएबलचं नाव दिलं जातं, म्हणजे पोस्ट असं नाव दिलं आणि सेव्ह विचारलं की उत्तर येतं पोस्ट डॉट सेव्ह. नावाआधीचं ॲटचं चिन्ह टेम्प्लेटमध्येच लिहिलेलं असतं, ते ॲडॅप्टरने परत लावू नये, नाहीतर दोन ॲट येतात आणि फाइल पार्सच होत नाही.

पायरी 1: कंट्रोलर काय गृहीत धरतो ते कागदावर लिहा

कोड लिहायच्या आधी हे काम करा. सातही मेथडसमोर लिहा की टेम्प्लेटला या ओळीकडून कसल्या वागणुकीची अपेक्षा आहे.

फाइंडकडून अपेक्षा अशी की रेकॉर्ड नसेल तर एक्सेप्शन यावं आणि ते 404 (सापडलं नाही) मध्ये बदलावं, कारण शो आणि एडिटमध्ये निल (म्हणजे काहीच नाही) आहे का असं कुणी तपासतच नाही. सेव्हकडून अपेक्षा ही की व्हॅलिडेशन नापास झालं तर फॉल्स असं उत्तर यावं, एक्सेप्शन नको, कारण पुढे इफ एल्स आहे आणि एल्समध्ये फॉर्म 422 (पाठवलेला डेटा चालत नाही) स्टेटसने परत दाखवायचाय. अपडेटचंही तेच. एरर्सकडून अशी वस्तू हवी जी एपीआयमध्ये जेसन म्हणून बाहेर पाठवता येईल. डिस्ट्रॉयच्या उत्तराकडे टेम्प्लेट बघतच नाही, म्हणून तिथे काही बिनसलं तर एक्सेप्शनच यायला हवं, नाहीतर रेकॉर्ड जागेवर आणि युजरला मात्र डिलीट झाल्याचा मेसेज.

आता या यादीसमोर वेगवेगळ्या लायब्ररी ठेवा. ॲक्टिव्ह रेकॉर्डचा फाइंड एक्सेप्शन टाकतो. जुन्या डेटामॅपरमध्ये गेट होतं आणि ते निल द्यायचं, एक्सेप्शन हवं तर गेट बँग. मॉंगोइडचा फाइंड डिफॉल्टने एक्सेप्शन टाकतो पण एका सेटिंगने तो निल द्यायला लागतो, म्हणजे एकाच लायब्ररीत दोन वागणुकी. सीक्वेलमध्ये चौकोनी कंसात आयडी दिला की रेकॉर्ड मिळतं आणि नसेल तर निल मिळतं. चौघांचं काम एकच, रेकॉर्ड शोधायचं, पण न सापडल्यावर काय करायचं यावर चौघांचं एकमत नाही, आणि कंट्रोलरला नेमकं त्याच्याशीच घेणंदेणं आहे.

पायरी 2: ॲडॅप्टर लिहा (उदाहरण सीक्वेलचं)

सीक्वेल मुद्दाम घेतोय कारण त्याची नावं ॲक्टिव्ह रेकॉर्डसारखी दिसतात आणि वागणं बरंच वेगळं आहे, त्यामुळे शिकायला मिळतं. सीक्वेल मॉड्यूल, त्यात जनरेटर्स मॉड्यूल, त्यात ॲक्टिव्ह मॉडेल नावाचा क्लास, आणि तो रेल्सच्या मूळ ॲडॅप्टर क्लासमधून इनहेरिट करायचा. इनहेरिट केलं की ज्या मेथड बदलायच्या नाहीत त्या आयत्या मिळतात. पण मी तरी सातही स्वतः लिहिण्याच्या मताचा आहे, कारण रेल्स पुढच्या आवृत्तीत मूळ क्लास बदलू शकतं आणि तो बदल तुमच्या लायब्ररीला झेपेलच असं नाही. हे घडलेलंही आहे: रेल्स 3 च्या काळात जनरेट झालेल्या कोडमध्ये अपडेट ॲट्रिब्यूट्स यायचं, रेल्स 4 मध्ये त्याचं अपडेट झालं, आणि 7.1 पासून स्कॅफोल्डच्या कोडमध्ये डिस्ट्रॉय बँग येतो. सीक्वेलच्या मॉडेलवर डिस्ट्रॉय बँग नावाची मेथडच नाही, तिथे साधा डिस्ट्रॉय लिहायचा आणि हुकने (डिलीटच्या आधी आपोआप चालणाऱ्या कोडने) अडवलं तर तो डिफॉल्टने एक्सेप्शन टाकतो, म्हणजे आपल्याला हवं तेच.

फाइंड: चौकोनी कंस वापरू नका. विथ पीके बँग ही मेथड लिहा, रेकॉर्ड नसेल तर ती नो मॅचिंग रो हे एक्सेप्शन टाकते. आर्ग्युमेंट म्हणून जी स्ट्रिंग टेम्प्लेटकडून येते ती तशीच आत टाका. पॅराम्स चौकोनी कंसात आयडी असं स्वतःच्या हाताने लिहू नका, कारण रेल्स 8 च्या टेम्प्लेटमध्ये तिथे पॅराम्स डॉट एक्सपेक्ट येतं आणि हाताने लिहिलेलं तिथेच शिळं होतं.

बिल्ड: क्लासचं नाव डॉट न्यू, पॅराम्स असतील तर कंसात, नसतील तर कंस नको. न्यू ॲक्शन आणि क्रिएट ॲक्शन दोन्हीकडे हीच मेथड वापरली जाते, त्यामुळे पॅराम्स निल असण्याची शक्यता धरूनच लिहायची.

सेव्ह: इथे पहिला मोठा फरक. सीक्वेलचा सेव्ह व्हॅलिडेशन नापास झालं की डिफॉल्टने व्हॅलिडेशन फेल्ड हे एक्सेप्शन टाकतो. म्हणजे तुम्ही नुसतं पोस्ट डॉट सेव्ह जनरेट केलंत तर युजरने शीर्षक रिकामं सोडलं की त्याला फॉर्मवर लाल मेसेज दिसण्याऐवजी थेट 500 (सर्व्हरची एरर) दिसेल. म्हणून स्ट्रिंगमध्येच सेव्हच्या कंसात रेझ ऑन फेल्युअर फॉल्स असा पर्याय लिहून टाका. मॉडेलच्या पातळीवर हे सेटिंग सरसकट बंदही करता येतं, पण मग बॅकग्राउंड जॉबमध्ये वगैरे जिथे एक्सेप्शन यायलाच हवं तिथेही ते गप्प बसतं, म्हणून मला कंट्रोलरच्या ओळीपुरतं बंद करणं जास्त पटतं.

अपडेट: इथे जरा थांबून वाचा कारण हे टेस्टमध्येसुद्धा सहज निसटतं. सीक्वेलमध्येही अपडेट नावाची मेथड आहे, हॅश घेते, सेव्ह करते, सगळं ओळखीचं. पण आतून ती फक्त बदललेले कॉलम सेव्ह करते, आणि एकही कॉलम बदलला नसेल तर निल देते. आता असं बघा की युजरने एडिट फॉर्म उघडला, काहीच बदललं नाही, आणि सेव्हचं बटण दाबलं. ॲक्टिव्ह रेकॉर्डमध्ये ट्रू येतं आणि युजर शो पेजवर जातो. सीक्वेलमध्ये निल येतं, इफ खोटा ठरतो, कंट्रोलर एल्समध्ये शिरतो, फॉर्म परत दिसतो, स्टेटस 422, आणि एररची यादी रिकामी. युजरला कळतच नाही काय चुकलं, आणि चुकलेलं तर काहीच नसतं! यावर उपाय असा की अपडेट न लिहिता दोन टप्पे जोडून लिहायचे: पोस्ट डॉट सेट कंसात पॅराम्स, आणि त्यालाच पुढे डॉट सेव्ह, तोच रेझ ऑन फेल्युअर फॉल्सचा पर्याय लावून. सेट स्वतःचंच ऑब्जेक्ट परत देते म्हणून साखळी जमते, आणि सेव्ह यशस्वी झाला की ऑब्जेक्टच मिळतं म्हणजे इफ खरा. याची एक किंमत आहे, साधा सेव्ह सगळे कॉलम लिहितो, तर एकाच रेकॉर्डवर दोघं एकदम काम करत असतील तिथे सेव्हला चेंज्ड हा पर्यायही द्या म्हणजे फक्त बदललेले कॉलम लिहिले जातील.

ऑल: नाव तेच पण सीक्वेलमध्ये ऑल म्हटलं की क्वेरी तिथल्या तिथे चालते आणि ॲरे मिळतो, तर ॲक्टिव्ह रेकॉर्ड आणि मॉंगोइड आळशी ऑब्जेक्ट देतात, ज्याला पुढे अजून अटी जोडता येतात. नुसता इंडेक्स दाखवायचा असेल तर ॲरे चालतो. पण तुमच्या टीमच्या टेम्प्लेटमध्ये ऑलच्या पुढे पेजिनेशन किंवा सॉर्टिंग जोडलेलं असेल तर ॲरेवर ते चालणार नाही, मग ॲडॅप्टरने डेटासेट (सीक्वेलचा आळशी क्वेरी ऑब्जेक्ट) देणारी ओळ लिहायला हवी.

पायरी 3: रेल्सला तो सापडेल अशा जागी ठेवा

रेल्स ॲडॅप्टर कसा शोधतं? ओआरएम या ऑप्शनमध्ये जे नाव असेल ते कॅमलकेसमध्ये (प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं) बदलतं, त्याला जनरेटर्स आणि ॲक्टिव्ह मॉडेल जोडतं, आणि त्या नावाचा कॉन्स्टंट शोधतं. सापडला तर तो. नाही सापडला तर काहीही न बोलता रेल्सचा मूळ ॲडॅप्टर वापरतं. हे "काहीही न बोलता" फार महत्त्वाचं आहे, कारण कॉन्स्टंटचं स्पेलिंग एका अक्षराने चुकलं किंवा फाइल लोडच झाली नाही तरी कमांड हिरव्या अक्षरात क्रिएट क्रिएट म्हणत यशस्वी होते आणि तुमच्या हातात ॲक्टिव्ह रेकॉर्डच्या धाटणीचा कंट्रोलर पडतो. म्हणून पहिल्यांदा जनरेट केल्यावर फाइल उघडून विथ पीके बँग दिसतंय का ते डोळ्यांनी बघाच.

जेम (रूबीचं पॅकेज) बनवत असाल तर रेलटायमध्ये, म्हणजे जेमला रेल्सशी जोडणाऱ्या क्लासमध्ये, जनरेटर्स नावाचा ब्लॉक असतो, त्यात ॲडॅप्टरची फाइल रिक्वायर करा. तो ब्लॉक जनरेटर चालवतानाच चालतो, म्हणजे सर्व्हर सुरू होताना ओझं नाही. त्याच रेलटायमध्ये कॉन्फिग डॉट ॲप जनरेटर्स डॉट ओआरएम ला तुमच्या लायब्ररीचं नाव दिलं की तेच डिफॉल्ट होतं. ॲक्टिव्ह रेकॉर्ड आणि मॉंगोइड दोघंही असंच करतात. आणि म्हणूनच एका ॲपमध्ये दोन ओआरएम असतील तर कुणाचं नाव डिफॉल्ट लागेल हे लोड होण्याच्या क्रमावर जातं, तेव्हा ते नशिबावर न सोडता ॲप्लिकेशनच्या कॉन्फिग फाइलमध्ये जनरेटर्स ब्लॉकमध्ये ओआरएम स्पष्ट लिहा. एखाद्याच कंट्रोलरसाठी वेगळं हवं असेल तर कमांडलाच ओआरएमचा ऑप्शन देता येतो. मात्र कमांड स्कॅफोल्ड कंट्रोलरचीच द्या, पूर्ण स्कॅफोल्ड दिलंत तर मॉडेलचा जनरेटरही त्याच नावाने शोधला जातो, आणि तो तुम्ही लिहिलेला नसेल तर तिथे अडतं.

पायरी 4: टेम्प्लेटला शक्यतो हात लावू नका, लावलात तर शिस्तीने

स्वतःचं टेम्प्लेट हवं असेल तर ॲपच्या लिब फोल्डरमध्ये टेम्प्लेट्स, त्यात रेल्स, त्यात स्कॅफोल्ड कंट्रोलर असं फोल्डर करून तिथे मूळ नावानेच फाइल ठेवा, रेल्स आधी तिथे बघतं. टेम्प्लेटमध्ये ॲडॅप्टरशिवाय डेटाबेसची एकही ओळ थेट लिहू नका. सर्च किंवा पेजिनेशनसारखं आठवं काहीतरी लागलं तर ॲडॅप्टरमध्ये आठवी मेथड करा आणि टेम्प्लेटने तिला विचारावं. ज्या ॲडॅप्टरमध्ये ती मेथड नसेल तिथे जनरेट करतानाच नो मेथड एरर येईल, आणि तो तेव्हाच आलेला बरा.

एक बारीक गोष्ट: ओआरएम इन्स्टन्स हेल्परला तुम्ही व्हेरिएबलचं वेगळं नाव देऊ शकता, पण तो पहिल्या वेळचं ऑब्जेक्ट साठवून ठेवतो. म्हणजे एकाच टेम्प्लेटमध्ये दुसऱ्यांदा वेगळं नाव देऊन बोलावलंत तरी पहिलंच नाव मिळतं. दोन व्हेरिएबल हवी असतील तर ओआरएम क्लास डॉट न्यू असं सरळ वापरा.

पायरी 5: कंट्रोलरच्या आजूबाजूचं जुळवा

कंट्रोलर बरोबर आला म्हणून काम संपत नाही.

404 चं बघू. ॲक्टिव्ह रेकॉर्डचं रेकॉर्ड नॉट फाउंड आणि मॉंगोइडचं डॉक्युमेंट नॉट फाउंड ही त्यांच्या रेलटायनेच 404 ला जोडलेली असतात. तुमच्या लायब्ररीसाठी कुणी ते केलं नसेल तर ॲक्शन डिस्पॅचच्या रेस्क्यू रिस्पॉन्सेस या सेटिंगमध्ये एक्सेप्शनच्या क्लासचं नाव स्ट्रिंग म्हणून द्या आणि समोर नॉट फाउंड लिहा. टेस्टमध्ये 404 ऐवजी थेट एक्सेप्शनच दिसत असेल तर टेस्ट एन्व्हायरन्मेंटचं शो एक्सेप्शन्स सेटिंग तपासा, 7.1 पासून नव्या ॲपमध्ये ते रेस्क्युएबल असतं, जुन्या ॲपमध्ये बहुतेक फॉल्स सापडेल.

आयडीचा प्रकार हा अजून एक मुद्दा. ॲक्टिव्ह रेकॉर्ड यूआरएलमधली आयडीची स्ट्रिंग कॉलमच्या प्रकारात बदलून घेतं, कुणी आयडीच्या जागी अक्षरं टाइप केली तरी साधा 404 येतो. सीक्वेल शोधताना असं बदलून घेत नाही, त्यामुळे पोस्टग्रेसवर आकड्याच्या कॉलमला अक्षरं दिली की डेटाबेसच तक्रार करतो आणि युजरला 500 दिसतो. हे ॲडॅप्टरमध्ये सोडवण्यापेक्षा राउट्समध्ये आयडीला फक्त आकडे अशी अट घालणं सोपं.

मॉडेलने रेल्सशी बोलण्यापुरतं तरी ॲक्टिव्ह मॉडेल पाळलं पाहिजे, कारण रिडायरेक्ट टू पोस्ट आणि फॉर्म विथ हे टू पॅरम, पर्सिस्टेड, मॉडेल नेम यांच्यावर चालतात. सीक्वेलमध्ये यासाठी ॲक्टिव्ह मॉडेल नावाचा प्लगइन आहे, तो मॉडेलवर लावा. घरची लायब्ररी असेल तर ॲक्टिव्ह मॉडेल लिंट टेस्ट्स हे मॉड्यूल तुमच्या टेस्टमध्ये इन्क्लूड करा, काय कमी आहे ते ते स्वतःच सांगतं.

आणि व्ह्यू! कंट्रोलरला ॲडॅप्टर आहे पण फॉर्मच्या टेम्प्लेटला नाही. रेल्स 6.1 पासून स्कॅफोल्डचा फॉर्म एररच्या यादीवर फिरतो आणि प्रत्येक एररला फुल मेसेज विचारतो. सीक्वेलचे एरर्स हॅशच्या जातीचे आहेत, त्यावर फिरलं की कॉलमचं नाव आणि मेसेजचा ॲरे मिळतो, ज्याला फुल मेसेज ही मेथड नाही. म्हणजे कंट्रोलर 422 च्या फांदीत बरोबर पोचतो आणि पान रेंडर होताना फुटतं. फॉर्मच्या टेम्प्लेटमध्ये एरर्स डॉट फुल मेसेजेस वापरा, ती मेथड दोन्हीकडे आहे.

पायरी 6: टेस्ट दोन थरांत लिहा

पहिला थर जनरेटरचा. रेल्सचा जनरेटर्स टेस्ट केस वापरा, डेस्टिनेशन म्हणून टेम्प फोल्डर द्या, रन जनरेटर करा आणि असर्ट फाइलने तपासा की शोधायच्या ओळीत विथ पीके बँग आहे, अपडेटच्या ओळीत सेट आणि सेव्ह आहे. या टेस्ट झटकन होतात, डेटाबेस लागत नाही, आणि मघाशी सांगितलेला गुपचूप फॉलबॅक इथेच पकडला जातो.

पण या थरावर थांबू नका, कारण स्ट्रिंग बरोबर आहे एवढंच तो सांगतो. दुसऱ्या थरात एक छोटं डमी ॲप ठेवा, त्यात खरोखर जनरेट केलेला कंट्रोलर ठेवा आणि त्याच रिक्वेस्ट टेस्ट प्रत्येक ओआरएमवर चालवा, एका अक्षराचाही फरक न करता. नेहमीच्या सात ॲक्शन तर घ्याच, पण खरी परीक्षा या पाच प्रसंगांची: नसलेला आयडी मागितला तर 404, आयडीच्या जागी अक्षरं दिली तरी 404, रिकाम्या फॉर्मचं क्रिएट 422 आणि पानावर एररचा मेसेज दिसतोय, काहीही न बदलता केलेलं अपडेट रिडायरेक्ट होतंय, आणि डिलीट अडवणारा हुक लावला तर यशाचा मेसेज येत नाहीये. पाचही प्रत्येक लायब्ररीवर पास झाले की ॲडॅप्टर टीमला वापरायला द्या.

आणि तुमच्या ॲपमध्ये एकच ओआरएम आहे, दुसरं यायची शक्यता नाही, तर यातलं फार थोडं करा. वरचा पायरी 1 चा कागद आणि स्वतःचं एक टेम्प्लेट, ज्यात तुमच्या लायब्ररीच्या ओळी सरळ लिहिल्या आहेत, तेवढं पुरतं. ॲडॅप्टरची मेहनत जेम लिहिणाऱ्यांसाठी आणि ज्यांच्याकडे दोन डेटाबेस शेजारी शेजारी चालतात त्यांच्यासाठी आहे.